उजव्या सीटवरचा नमस्कार

मी ड्रायव्हिंग शिकवायचे हे कळलं की भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, "भीती नाही का गं वाटत?" वाटायची ना! मी काय दगडाची आहे? पण भीती वाटते म्हणून किंचाळणारी बाई या धंद्यात आठवडाभरसुद्धा टिकत नाही. समोरून ट्रक येतोय आणि आपला विद्यार्थी आरशात स्वतःचा भांग बघतोय, अशा वेळी "जरा उजवीकडे घ्या हं" असं म्हणायचं, तेही 'अजून एक पोळी वाढू का' इतक्या साध्या आवाजात. हा आवाज कमवायला मला बरीच वर्षं लागली. घरी मात्र माझा आवाज चांगला खणखणीत आहे, शरदला विचारा. शरद म्हणजे माझा नवरा.

मी मूळची अमरावतीची. लग्न करून मिशिगनमध्ये ॲन आर्बरला आले आणि इथलीच झाले. या गावात मोठी युनिव्हर्सिटी आहे, बस चांगल्या आहेत, पोरं सायकली हाणतात. पण थंडी सुरू झाली की सायकल गारठते आणि बसच्या थांब्यावर माणूस गारठतो. मग सगळ्यांना एकदम गाडी शिकायची असते. सुरुवातीला ओळखीच्या बायकांना शिकवलं, मग रीतसर परवाने काढले आणि गाडीच्या डोक्यावर पिवळी पाटी चढवली. मागच्या वर्षी गुडघ्यानं राजीनामा दिला तेव्हा ती पाटी उतरवली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. इथे स्टीअरिंग डावीकडे असतं आणि शिकवणारी उजव्या सीटवर बसते. शिकवण्याच्या गाडीत तिच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. लोकांना वाटतं, मग काय, मजाच आहे! अहो, तो ब्रेक शक्यतो दाबायचा नसतो, हीच तर सगळी गोम आहे. चूक दिसली की ताई दाबतात, हे एकदा विद्यार्थ्याला कळलं की तो रस्त्याकडे बघणंच सोडतो. आणि जेव्हा दाबायचा तेव्हा क्षणाचाही उशीर चालत नाही. त्यामुळे उजवा पाय कायम अधांतरी. डॉक्टर म्हणतात गुडघा वयामुळे गेला, मी म्हणते त्या ब्रेकमुळे. अजूनही शरद गाडी चालवत असला की माझा पाय समोरची चटई दाबत असतो. तो म्हणतो, "विद्या, चटईला भोक पडेल."

गिऱ्हाईकं एकेक नग होती. पुण्याहून पीएचडीला आलेला एक मुलगा आयुष्यभर स्कूटर चालवलेला. त्याला दोन गाड्यांमधली फट दिसली की राहवायचं नाही. स्टॉपच्या पाटीशी तो गाडी नुसती हळू करायचा.

"ताई, चारी बाजूंना कोणीच नाहीये यार. थांबायचं कोणासाठी?"

"पाटीसाठी."

"पाटी बघतेय का?"

"टेस्ट घेणारा बघेल. थांब."

उगाच थांबणं म्हणजे त्याला अपमान वाटायचा. बरेचदा आपल्या लोकांना वेग शिकवावा लागत नाही, थांबणंच शिकवावं लागतं.

याच्या अगदी उलट नागपूरचा सिद्धार्थ. बुद्धविहारात वाढलेला, अतिशय हुशार, पण स्टीअरिंगला हात लावला की घामानं डबडबायचा. पीएचडीच्या गाईडशी बिनसलेलं, व्हिसाची टांगती तलवार, आणि त्यात मागचा माणूस हॉर्न वाजवतोय. एकदा लाल सिग्नलला उभे होतो तर याचा चेहरा एकदम निवळला. मी विचारलं, "काय रे, झोपलास की काय?"

"नाही ताई. श्वास बघतोय. आईनं लहानपणी शिकवलंय. मी देव-बिव काही मानत नाही, पण थांबलं की श्वास बघायचा, एवढं मानतो."

"बघ की. डोळे तेवढे उघडे ठेवून बघ बाबा."

त्यानंतर प्रत्येक लाल दिव्याला तो श्वास बघायचा आणि दिवा हिरवा झाला की मी हळूच "हं" म्हणायचे. पहिल्या फटक्यात पास झाला. मी ही युक्ती पुढे कित्येकांना सांगितली, त्याचं नाव सांगून.

पण आज लिहायला बसले ते नलिनीकाकूंसाठी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, म्हणून मीही. मूळच्या सांगलीच्या. तीस वर्षं अमेरिकेत काढली, पण स्टीअरिंगला कधी हात लावला नाही, कारण दत्ताकाका होते. भाजी, देऊळ, डॉक्टर, हळदीकुंकू, सगळीकडे काका चालवणार आणि काकू शेजारी बसून "अहो, हळू" म्हणणार. असा संसार चालला होता. मग काकांच्या मधुमेहानं आधी डोळे धरले आणि नंतर मूत्रपिंडं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नेणारी व्हॅन असते, पण ती कधी येईल याचा नेम नाही. डायलिसिस झालेला माणूस पिळून काढल्यासारखा होतो, त्यानं थंडीत दाराशी ताटकळत उभं राहायचं. महाराष्ट्र मंडळातली माणसं आळीपाळीनं नेत होती, पण ती किती दिवस नेणार?

टेक्सासमध्ये अर्विंगला त्यांची मुलगी राहते. तिनं सांगून टाकलं, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते, घर विकायला काढू, तुम्ही दोघं माझ्याकडे चला. बिचारीचं चुकलं असं नाही. पण काकूंना जायचं नव्हतं. त्यांच्या हातची बाग, शेजारीपाजारी, देऊळ, सगळं इथं. "आणि ह्यांना इथल्या नर्सची सवय झालीय," त्या म्हणाल्या. "तिथं परत सगळं नव्यानं. तेवढा जीव आता ह्यांच्यात नाही." थँक्सगिव्हिंगच्या आत लायसन्स मिळालं तर राहणार, नाही तर घर मोडणार, असं मायलेकींचं ठरलं.

सप्टेंबरात त्या माझ्या गाडीत पहिल्यांदा डाव्या बाजूनं चढल्या. बसल्या, साडी सावरली, स्टीअरिंगला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "हं, आता सांग."

मला वाटलं होतं, या वयात फार जड जाईल. छे! बाई तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून नुसत्या बसल्या नव्हत्या. कुठली लेन कुठं संपते, कुठल्या सिग्नलला किती वेळ लागतो, सगळं पाठ. दत्ताकाका म्हणालेच मला, "तुम्ही हिला काय शिकवणार? तीस वर्षं ही मला शिकवत होती." मागे घेणं तेवढं अवघड गेलं, कारण मान वळत नव्हती. महिन्याभरात तेही जमलं.

अडचण निघाली ती भलतीच. गावाबाहेर, शेतं सुरू होतात तिथं आपलं देऊळ आहे. जुन्या चर्चची इमारत घेऊन केलेलं, छोटंसं, पण रस्त्यावरून भगवा झेंडा दिसतो. पहिल्यांदा त्या रस्त्यानं गेलो, गाडी चांगल्या वेगात होती, आणि झेंडा दिसताक्षणी काकूंनी दोन्ही हात सोडून नमस्कार केला! कपाळाला लावून, डोळे मिटून, अगदी साग्रसंगीत. मी उजव्या सीटवरून स्टीअरिंग धरलं.

"काकू! हात!"

"अगं बाई, सुटले का?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. इतकी वर्षं त्या रस्त्यानं शेजारच्या सीटवर बसून गेलेल्या. देऊळ आलं की हात आपोआप जोडले जाणार, त्या हातांना काय ठाऊक की आता आपण सीट बदललीय?

मी समजावलं, रागावले, मनातल्या मनात करा म्हटलं. दर वेळी त्या "हो हो, नक्की" म्हणायच्या आणि झेंडा दिसला की हात सुटायचे. दुसऱ्या रस्त्यानं नेलं असतं, पण टेस्टमध्ये तोच रस्ता येतो हे मला माहीत होतं.

व्हायचं तेच झालं. टेस्ट घेणारा माणूस वेगळा असतो, शिकवणाऱ्यानं त्या वेळी गाडीत बसायचं नसतं. मी बाहेर उभी होते. गाडी परत आली तेव्हा तो उंच, मवाळ गृहस्थ उतरून आधी माझ्याकडेच आला. त्याला वाटलं होतं बाईंच्या छातीत कळ आली. बाकी सगळं उत्तम, पण चालत्या गाडीत दोन्ही हात सोडले म्हटल्यावर पास कसं करणार? काकू गाडीतून उतरल्याच नाहीत. मी आत जाऊन बसले तर डोळ्यांत पाणी.

"विद्या, ज्याच्यासाठी हात सोडले त्यानंच नापास केलं गं."

देवाच्या बाबतीत माझं तोंड तेव्हा बंद होतं. जगात सगळी विमानं बंद होती त्या काळात आई तिकडे अमरावतीत वारली. मी इथं फोनसमोर बसून तिचा श्वास बघत होते आणि देवापाशी नाक घासत होते. काही उपयोग झाला नाही. त्यानंतर मी देव्हाऱ्यात दिवा लावला नाही. भांडण नाही, काही नाही, नुसता अबोला. शरद दिवा लावायचा, मी स्वयंपाकघरात जायचे.

काकूंना हे कळलं ते एका धड्याच्या वेळी. चौकात डावीकडे वळताना त्या चुकल्या आणि सावरल्या. मी ब्रेकवर पाय ठेवला होता, दाबला नव्हता. पुढे एका दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी लावून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो.

"मघाशी ब्रेक का नाही गं दाबलास?" त्यांनी विचारलं. "मी तर घाबरले होते."

"तुम्ही सावराल असं वाटलं."

"बघ! त्यालाही तसंच वाटत असेल. तो पण तुझ्यासारखाच बसलेला असेल, ब्रेकवर पाय ठेवून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग माझ्या आईच्या वेळी का नाही दाबला? तेव्हा दाबायला हवा होता ना!" आणि मी रडले. विद्यार्थ्यासमोर कधी रडू नये, पण रडले.

मला वाटलं आता प्रवचन येणार, कर्म, प्रारब्ध, आत्मा अमर असतो वगैरे. काकूंनी थर्मासचं झाकण लावलं. म्हणाल्या, "हो गं. तेव्हा दाबायला हवा होता. ह्यांच्या डोळ्यांच्या वेळीही दाबायला हवा होता. ते मलाही कळत नाही."

"तरी नमस्कार करता?"

"त्याच्याशी बोलायचं सोडलं तर मग हे विचारू कोणाला?"

एवढंच. मग त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले, स्वतःचा पट्टा लावला, आरसे तपासले आणि गाडी काढली.

त्याच दिवशी परतताना मला युक्ती सुचली. देवळाचा रस्ता लागला तसं मी म्हटलं, "काकू, तुमचे हात स्टीअरिंगवर. नमस्कार मी करते, तुमच्या वतीनं."

"चालेल का?"

"घरात एकानं सत्यनारायण केला तर सगळ्यांना प्रसाद मिळतो की नाही? चालेल."

झेंडा दिसला. मी दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "नलिनीकाकूंचा नमस्कार!" काकू हसल्या, आणि हसताना त्यांचे हात जागच्या जागी राहिले. नंतर रोज तेच. झेंडा दिसला की मी हात जोडायचे, काकू समोर बघायच्या. मी स्वतःला बजावत होते की हा धंद्याचा भाग आहे, माझा काही संबंध नाही. पोस्टमन दुसऱ्याची पत्रं टाकतो तसं.

दुसरी टेस्ट थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात होती. लेकीचं तिकीट काढून झालेलं. काकू नेहमीपेक्षा गप्प होत्या. मी विचारलं, "घाबरलाय?"

"घाबरलेय. पण आत कुठंतरी बरं वाटतंय. मला जमेल तेवढं मी केलं ना? उरलेलं त्याच्याकडे." मग थांबून म्हणाल्या, "नापास झाले तर अर्विंगलाही देऊळ असेलच." एवढं सगळं पणाला लागलेलं, आणि बाईचे हात स्थिर होते.

त्या टेस्टला गेल्या आणि मी पार्किंगमध्ये उभी राहिले. थंडी मी म्हणत होती. तो रस्ता मला पाठ होता, त्यामुळे गाडी आता कुठं असेल ते मनात दिसत होतं. आता चौक, आता शाळा, आता शेतं. आता देऊळ. आणि भर पार्किंगमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी हातमोजे काढून हात जोडले. म्हटलं, काकूंचा आहे हं, माझा नाही. हात जरा जास्तच वेळ जोडलेले राहिले असावेत, कारण एका गोऱ्या बाईनं येऊन विचारलं की मला काही मदत हवी आहे का.

काकू पास झाल्या. उतरल्या त्या थेट माझ्या गळ्यात. "हात हलले नाहीत गं! आतल्या आत केला."

"आणि मी इथं केला."

"म्हणजे दोन झाले!" त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला लेक आली ती पुरणपोळ्या खाऊन परत गेली. विमानतळावर तिला सोडायला काकूच गेल्या. दत्ताकाका शेजारच्या सीटवर बसून म्हणत होते, "अहो, हळू."

पण माझ्या मनाला एक टोचणी होती. काकूंना बर्फात चालवायला शिकवायचं राहिलं होतं. बर्फ पडल्याशिवाय ते शिकवता येत नाही. तोंडी सांगितलं होतं: गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नाही. पाय वर घ्यायचा, हात हलके ठेवायचे, नजर जिथं जायचंय तिथं. घाबरून हिसके दिलेत की गाडी गरागरा फिरलीच समजा.

"म्हणजे काही करायचं नाही?" काकूंनी विचारलं होतं.

"जवळपास. आणि तेच सगळ्यांत अवघड असतं."

डिसेंबरात पहिला बर्फ पडला तो नेमका डायलिसिसच्या दिवशी. सकाळीच काकूंचा फोन, "विद्या, नुसती शेजारी बसायला येतेस?" मी गेले. ही त्यांची स्वतःची गाडी, माझ्या बाजूला फक्त चटई. काका मागे पांघरूण घेऊन बसलेले. सगळीकडे पांढरं, रस्ता कुठला आणि शेत कुठलं कळत नव्हतं.

गावाबाहेरच्या वळणावर गाडी घसरली. मागचा भाग एका बाजूला जाऊ लागला, खंदक दिसला, आणि माझा पाय आपसूक खाली गेला. जीव खाऊन दाबला. खाली काहीच नव्हतं. पिवळी पाटी चढवल्यापासून पहिल्यांदा मी विद्यार्थिनीशेजारी उजव्या सीटवर होते आणि माझ्या हातात, पायात काही नव्हतं. बाजूला बघितलं. काकूंचा पाय वर होता, हात हलके होते, नजर दूर रस्त्यावर. ओठ किंचित हलत होते. त्यांनी काहीसुद्धा केलं नाही. गाडीनं एक हेलकावा खाल्ला, चाकांनी रस्ता धरला आणि ती सरळ झाली.

मागून काका म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही हो," काकू म्हणाल्या. "जरा घसरली होती."

मी पाय उचलून घेतला आणि सीटपुढे सरळ ठेवला. गुडघा दुखत होता, तोही हळूहळू दुखायचा थांबला. गाडीत हीटरचा तेवढा आवाज. बर्फ पडत होता, काकू चालवत होत्या, आणि मला कुठलीच घाई नव्हती. आई गेल्यापासून एवढं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे पांढऱ्या शेतांमध्ये भगवा झेंडा दिसला. काकूंचे हात स्टीअरिंगवर जागच्या जागी. मी सवयीनं हात जोडले. देऊळ जवळ आलं, बाजूनं गेलं, मागे पडलं. माझे हात तसेच होते.

काकूंनी समोरून नजर न काढता विचारलं, "विद्या, माझा मी केव्हाच केला गं, मनातल्या मनात. हा कोणाचा?"

"समोर बघा, काकू," मी म्हटलं. आणि इतकी वर्षं जपलेला माझा तो साधा आवाज नेमका तेव्हाच फुटला.